चौऱ्याऐंशी लाख अकरा हजार आठशे तीन

फोन आला तेव्हा तो स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसून चोवीस हजार तीनशे त्रेचाळीसमध्ये दोन हजार सातशे एक्केचाळीस किती वेळा जातात ते बघत होता. आठ वेळा जात असावेत असा अंदाज होता, पण गुणाकार करून बघितल्याशिवाय स्वतःच्या अंदाजावर त्याचा भरवसा नव्हता. पेन्सिल दातात होती. ती काढून त्यानं फोन घेतला.

"बाबा," मुलगी म्हणाली आणि थांबली. मग म्हणाली, "आता घाई करू नका."

एवढ्यावरून त्याला कळलं. दवाखान्यातून आलेल्या फोनवर घाई करू नका म्हणतात त्याचा दुसरा अर्थ नसतो.

सकाळी साडेदहाला तिचा आधीचा फोन आला होता. "बाबा, कुठं आहात? आई विचारतेय," असं ती म्हणाली होती. आणि तो म्हणाला होता, "बसमध्येच आहे गं. पुढं रस्ता खोदून ठेवलाय. बस मुंगीच्या पावलानं चाललीय." हे बोलताना तो याच खुर्चीत होता. पायात चप्पलसुद्धा नव्हती. डोक्यावरचा पंखा कुरकुरत होता, तो फोनमधून ऐकू जाईल म्हणून त्यानं उठून बंद केला होता, तेवढंच.

त्या दिवशी बायको गेली. ती गेली तेव्हा तो चाळीस मिनिटांच्या अंतरावर भागाकार करत बसला होता, आणि मुलीच्या लेखी तो बसमध्ये होता.

तो काही गणिताचा माणूस नव्हता. शाळा सातवीत सुटलेली. पुढं सगळा जन्म पाणीपुरवठ्याच्या वर्कशॉपमध्ये गेला. घरोघरचे पाण्याचे मीटर दुरुस्तीला येत. झाकण खराब झालेलं असलं तर नवं पितळी झाकण बसवायचं आणि त्यावर मीटरचा नंबर ठोकायचा, हे त्याचं काम. लाकडी पेटीत पोलादी पंच असत, एकेका इंग्रजी आकड्याचा एकेक. आकडे दहा, पण पंच नऊच, कारण सहाचा पंच उलटा धरला की नऊ होतो. पंच उभा धरायचा, वरून हातोडीचा एकच घाव घालायचा. दोन घाव घातले तर आकडा दुहेरी उमटतो. आणि चुकीचा ठोकला तर खोडता येत नाही, झाकण भंगारात टाकावं लागतं. एकतीस वर्षांत त्याची भंगारात गेलेली झाकणं बोटांवर मोजण्याइतकी होती. पण त्या आकड्यांच्या पोटात काय आहे, हा विचार त्याच्या मनात कधी आला नव्हता.

तो विचार बायकोचा. ती घरी शिवणकाम करायची. शाळेत असताना तिचं गणित मास्तरांच्या पुढं एक पाऊल असायचं म्हणे, पण घरात पाठीवर चार भावंडं होती, तेव्हा दहावीनंतर वह्या गेल्या आणि मशीन आलं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तिनं त्याला विचारलं होतं, "दिवसभर आकडे ठोकता, तर त्यातला एखादा घरी आणा की."

"आकडा काय आणायचा? भाजी आहे का ती?"

"भाजी मी आणते. तुम्ही आकडा आणा."

मग तो रोज संध्याकाळी निघताना शेवटच्या मीटरचा नंबर हाताच्या तळव्यावर पेनानं लिहून आणू लागला. ती चहा टाकता टाकता त्याचा तळवा धरून वाचायची आणि रात्रीचं जेवण होईतो तो आकडा फोडून टाकायची. फोडणे हा त्यांचा घरचा शब्द. पुस्तकात त्याला अवयव पाडणे म्हणतात. एखादा आकडा दोन लहान आकड्यांच्या गुणाकारातून झालेला असला तर तो फुटला. कशानंच भाग गेला नाही, फक्त एकानं आणि स्वतःनंच गेला, तर तो मूळ संख्या, म्हणजे फुटला नाही. "बघा, तुमचा आकडा फुटला," असं ती म्हणायची तेव्हा त्याला उगीच आपल्याच हातून काही सांडल्यासारखं वाटायचं. "आणि आतून निघालं काय?" "सात, एकोणीस आणि एक लठ्ठोबा."

घरी कॅल्क्युलेटर होता. ती त्याला हात लावायची नाही. "दुसऱ्यानं चावून दिलेला घास आहे तो," म्हणायची.

मापांच्या वहीत हे सगळं चालायचं. डाव्या पानावर कुणाची तरी बाही, छाती, गळा, उंची, आणि उजव्या पानावर भागाकार. एकदा एका बाईंचा ब्लाउज तिनं बाहीच्या ठिकाणी भाजक धरून कापला होता. त्या बाई अजून ते सांगून हसत.

जुने मीटर पाच आकड्यांचे, नंतर सहा आकड्यांचे झाले. सहा आकडी नंबर ती दोन दिवसांत निकालात काढायची. मागच्या वर्षी सात आकडी मीटरांची नवी खेप आली. ती तेव्हा आजारी पडलेली होती. हृदय मोठं झालंय, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. जिना चढायचा नाही, मशीन चालवायचं नाही. दिवसभर खिडकीशी बसून ती कंटाळायची. म्हणून एके दिवशी त्यानं मुद्दाम सात आकडी नंबर आणला. तळव्यावर लिहिलं होतं, ८४११८०३.

तिनं तो मोठ्यानं वाचला. "चौऱ्याऐंशी लाख अकरा हजार आठशे तीन. अहो, हा तर हत्ती आणलात!"

"बसून खा सावकाश. कुठं जायचंय?"

तिनं आधी सोपे भाजक घेतले. सम नाही, शेवटी पाच नाही, तिनानं एक उरतो. सातानं भागलं तर तिथंही नेमका एकच उरला, तेव्हा ती चुकचुकली. "एवढ्यासाठी निसटला बघा." मग तिनं एक मोठा तक्ता केला. एकोणतीसशेपर्यंतचे सगळे आकडे मांडून त्यातल्या मूळ संख्या चाळून काढल्या. चारशे एकोणीस निघाल्या.

"एकोणतीसशेच का?" त्यानं विचारलं होतं. त्याला खरं तर काही फरक पडत नव्हता, पण ती बोलायला लागली की तिच्या चेहऱ्यावर रंग यायचा.

"आकडा फुटला तर त्याचे दोन तुकडे होणार ना? दोन्ही तुकडे एकोणतीसशेच्या वर कसे असतील? एकोणतीसशे गुणिले एकोणतीसशे म्हणजेच चौऱ्याऐंशी लाख दहा हजार झाले. दोघेही त्याहून मोठे असले तर गुणाकार हाताबाहेर जाईल. म्हणजे थोरला कुठंही लपू दे, धाकटा एकोणतीसशेच्या आत सापडलाच पाहिजे. आणि नाही सापडला, तर आकडा फुटत नाही."

चारशे एकोणीस भागाकार. रोज दोन, कधी तीन, बरं नसलं तर एकही नाही. प्रत्येकाची बाकी ती तक्त्यावर भाजकासमोर लिहायची. सात महिने गेले. दवाखान्यात ठेवायची वेळ आली तेव्हा तक्ता आणि वही पिशवीत घालून तिच्याबरोबर गेली. तिथं सलाइन लावलेल्या हातानं तिनं आणखी काही भागाकार केले. दोन हजार सहाशे सतराला येऊन तिची बोटं थांबली. तीनशे ऐंशी झाले होते. एकोणचाळीस राहिले होते.

"तुम्ही करा हो उरलेले," ती म्हणाली. "घरी बसून सावकाश. मला नुसत्या बाक्या आणून सांगा."

"मला जमेल का ते?"

"न जमायला काय झालं? एकतीस वर्षं आकड्यांच्या डोक्यात हातोडी घालताय. आता जरा पोटात हात घाला."

पलीकडच्या खाटेवरची म्हातारी खुदकन हसली होती.

त्यानं सुरुवात मनापासून केली. पण त्याचा एक भागाकार अर्धा-पाऊण तास खायचा. हातचा विसरायचा, खाडाखोड व्हायची, पुन्हा पहिल्यापासून. दिवसभर वर्कशॉप, मग दवाखाना, मग घरी येऊन भात टाकायचा आणि वही उघडायची. चार दिवसांत बारा झाले. पाचव्या दिवशी तो दोन हजार सहाशे नव्व्याण्णववर बसला आणि त्याला रडू आलं. ते भागाकारामुळं नव्हतं, डॉक्टर त्या दिवशी जे बोलले होते त्यामुळं होतं. पण समोर भागाकार होता.

मग त्यानं तक्ता पुढं ओढला आणि उरलेल्या सत्तावीस भाजकांसमोर बाक्या मनानं लिहून टाकल्या. भाजकापेक्षा बाकी लहान पाहिजे, एवढं त्याला माहीत होतं. कुठं जुन्या फोनचे शेवटचे चार आकडे, कुठं एखाद्या मीटरचं शेपूट, कुठं मुलीच्या शाळेचा हजेरी क्रमांक पुढं-मागं करून. शून्य मात्र कुठं लिहिलं नाही. पंधरा मिनिटांत काम फत्ते. आपण कुणाचं काय वाईट करतोय, असंही त्याला तेव्हा वाटलं नाही. एवढे तीनशे ब्याण्णव झाले आणि एकानंही भाग गेला नाही, तर उरलेल्या सत्तावीसनं काय जाणार आहे? आजारी माणसाला बरं वाटावं, बस.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यानं खाटेशी बसून सगळ्या बाक्या वाचून दाखवल्या. तिनं डोळे मिटले होते. नाकाला नळी होती. प्रत्येक आकड्याला ती मान हलवत होती. शेवटची झाली तेव्हा तिनं डोळे उघडले.

"म्हणजे फुटला नाही."

"नाही फुटला."

ती अशी हसली की त्याला वाटलं, केलं ते बरंच केलं. औषध द्यायला सिस्टर आली तर तिलाही सांगून झालं. "सिस्टर, आमचा आकडा फुटला नाही हं. चौऱ्याऐंशी लाख अकरा हजार आठशे तीन!"

"अगं बाई! लॉटरी लागली की काय, मावशी?"

"त्याहून मोठं," ती म्हणाली. मग मुलीला फोन लावून घेतला. मग पलीकडच्या म्हातारीला सांगितलं. तो पिशवी उचलून निघाला तेव्हा तिनं मागून हाक मारली.

"अहो, उद्या भागाकारांची वही घेऊन या. नुसत्या बाक्यांवर भागणार नाही. एकदा नवानं तपासून घेते, म्हणजे निकाल लागला."

नवानं तपासणं ही तिची जुनी सवय. आकड्यातले अंक मिळवत जायचे, एकच अंक उरेपर्यंत. मग भाजक आणि भागाकार यांच्या अंकांचा गुणाकार करून त्यात बाकीचा अंक मिळवायचा. मूळ आकड्याशी जुळला तर ठीक, नाही तर कुठं तरी पाणी मुरतंय. सत्तावीस खोट्या बाक्यांचं पाणी कुठं मुरतंय, ते तिला दहा मिनिटांत दिसलं असतं.

"आणतो," तो म्हणाला.

कबूल करायला ती वेळ बरी होती. ती रागावली असती, थोडी हिरमुसली असती आणि कदाचित म्हणाली असती, द्या इकडं, मीच करते. पण तिच्या तोंडावरचं हसू अजून तसंच होतं. त्याला ते पुसवेना.

म्हणून दुसऱ्या दिवशी तो पहाटे सहाला उठून सत्तावीस भागाकार करायला बसला. सुट्टी घेतली होती. सकाळची भेटायची वेळ दहा ते बारा. दहापर्यंत आटपेल असा त्याचा हिशेब होता. एवढी वर्षं तिच्याबरोबर राहूनसुद्धा त्याचा हिशेब असा होता. दहा वाजता जेमतेम पाच झाले होते. मुलीला त्यानं आधीच सांगितलं होतं, तू पुढं हो. साडेदहाला तिचा फोन आला तेव्हा तो बसमध्ये असल्याचं बोलला. पावणेबाराला दुसरा फोन आला तेव्हा आठवा चालू होता.

पुढचा सगळा महिना माणसं येत होती, जात होती. मुलगी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "बाबा निघाले होते हो. बस अडकली वाटेत. नशीब म्हणायचं, दुसरं काय." माणसं त्याच्या खांद्यावर हात ठेवायची. तो खाली बघायचा. दुःखानं मान खाली जाते, असं लोकांना वाटतं. ते त्याच्या पथ्यावर पडत होतं आणि तेच त्याला खुपत होतं.

दीड महिन्यानं, एका मंगळवारी, मुलीचा फोन आला. आईचं शिवणाचं मशीन ती आपल्या घरी नेणार होती.

"पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी येतो आम्ही. आणि बाबा, एक काम कराल? मशीनच्या फळीवर लावायला एक छोटी पितळी पाटी ठोकून द्या. वर आईचा तो आकडा आणि खाली 'फुटला नाही'. बस, एवढंच."

तो नाही म्हणू शकला नाही. "ठोकतो," म्हणाला.

वर्कशॉपमध्ये त्यानं पितळेची पट्टी कापली, कडा घासल्या आणि आकडा ठोकला. आठ, चार, एक, एक, आठ, शून्य, तीन. शेजारच्या टेबलावरचा फिटर बघत होता. त्याला या घरचं सगळं माहीत होतं.

"वहिनींचा ना?" फिटर म्हणाला. "आणि खाली?"

"खाली अक्षरं घालायचीत. आपल्याकडं अक्षरांचे पंच नाहीत."

"मग ठिपक्याठिपक्यांनी काढ. मी आखून देतो. काय लिहायचंय?"

"नंतर बघू."

"नंतर कशाला? हातोडी गरम आहे तोवर मारून टाक."

"नंतर म्हटलं ना!"

फिटर आपल्या कामाकडं वळला. एवढ्या वर्षांत हा माणूस त्याच्यावर पहिल्यांदाच ओरडला होता.

खरं म्हणजे त्यानं मनाशी वेगळंच ठरवलं होतं. तोंडानं खोटं बोललो ते बोललो, पितळेवर नको. पितळेवरचं खोडता येत नाही. रविवारपर्यंत उरलेले भागाकार पुरे करायचे, आकडा खरंच फुटत नाही अशी खात्री करून घ्यायची आणि मगच खालची ओळ काढायची. म्हणजे जे बोललो ते उशिरा का होईना खरं ठरेल. बुधवारपासून तो रोज सकाळी कामावर जाण्याआधी एक भागाकार करू लागला; उरतील ते शेवटच्या शनिवारी बसून संपवायचे, असा बेत होता. पहिला दोन हजार सातशे एक्केचाळीसचा, त्या दिवशी अर्धा राहिलेला. आठच वेळा जात होते. बाकी दोन हजार चारशे पंधरा. नवानं तपासला, जुळला. मग रोज एक. हात सुधारला होता. आता पाऊण तास लागत नव्हता, वीस मिनिटं लागत.

दहाव्या दिवशी, शुक्रवारी, दोन हजार आठशे तीनची पाळी आली. तक्त्यावर त्याच्यासमोर त्याच्याच अक्षरात खोटी बाकी होती, एक हजार आठशे सेहेचाळीस.

आठ हजार चारशे अकरामध्ये तीन वेळा. तीन वेळा आठ हजार चारशे नऊ. उरले दोन. वरून आठ उतरवला, अठ्ठावीस. जात नाहीत, शून्य. वरून शून्य उतरवलं, दोनशे ऐंशी. जात नाहीत, शून्य. वरून तीन उतरवला.

दोन हजार आठशे तीन.

त्यात दोन हजार आठशे तीन किती वेळा जातात, ते बघायला पेन्सिल लागत नाही. एकदा. बाकी शून्य.

त्यानं ते शून्य पेन्सिलीनं पुन्हा एकदा गिरवलं. मग सवयीनं नवानं तपासलं. दोन हजार आठशे तीनचे तेरा, तेराचे चार. तीन हजार एकचे चार. चार चोक सोळा, सोळाचे सात. चौऱ्याऐंशी लाख अकरा हजार आठशे तीनचे पंचवीस, पंचवीसचे सात. जुळलं. तीन हजार एक आणखी फुटतो का, तेही त्यानं बघितलं. त्रेपन्नपर्यंतच्या सोळा मूळ संख्यांनी भागून पाहिलं. नाही फुटला. आता आत आणखी काही उरलं नव्हतं. दोनच तुकडे, दोन्ही मूळ, दोन्ही जवळजवळ सारख्या उंचीचे, आणि धाकटा अगदी शेवटच्या दारामागं लपलेला.

असा आकडा तिनं उभ्या जन्मात फोडला नव्हता. ती काय म्हणाली असती, ते त्याला नेमकं माहीत होतं. आधी तिनं त्याचा हात धरून दाबला असता. मग म्हणाली असती, अहो, हे तर भाऊभाऊच निघाले. मग सिस्टर, म्हातारी, मुलगी, सगळ्यांना सांगून झालं असतं.

आणि एकोणचाळीस भागाकारांतला हा सगळ्यात सोपा होता. त्याच्यासारख्या माणसालाही दोन मिनिटं लागली. त्या रात्री मनानं बाक्या लिहिताना त्यानं फक्त हा एक करून बघितला असता, तरी तिला खरं उत्तर मिळालं असतं. ते तिच्या हक्काचं होतं. सात महिने तिनं त्यासाठी काढले होते. आणि त्यानं तिला त्या जागी जुन्या फोनचे आकडे दिले. ती ते घेऊन हसली.

रविवारी मुलगी आणि जावई आले. जावई खाली टेम्पोवाल्याशी बोलायला गेला. मुलीनं पाटी हातात घेतली, अंगठा फिरवून बघितला.

"सुरेख ठोकलंय. आणि खाली?"

"खाली ते लिहिता येणार नाही," तो म्हणाला. "आकडा फुटला."

"म्हणजे?"

"मी उरलेले भागाकार केले. दोन हजार आठशे तीननं भाग जातो. तीन हजार एक वेळा."

मुलगी टेबलाशी बसली. वही पुढं ओढून तिनं तो भागाकार बोट ठेवून वाचला. मग हळूच म्हणाली, "म्हणजे आईचं चुकलं?"

तो काही बोलायच्या आत तीच पुढं म्हणाली, "चुकणारच हो. शेवटी शेवटी किती औषधं होती तिला. डोकं चालत नसेल बिचारीचं. कुणाला सांगू नका हं बाबा. आईचा आकडा चुकला, असं नको व्हायला. पाटीवर नुसता आकडाच राहू दे."

एवढं मात्र त्याला सोसेना. तिच्या हातून मापाच्या वहीत ब्लाउज बिघडला असेल, पण भागाकार कधी बिघडला नव्हता.

"ती चुकली नाही," तो म्हणाला. "तिचे तीनशे ऐंशी, सगळे बरोबर आहेत. हा तिनं केलेलाच नाही. हा माझ्याकडं दिला होता."

"मग तुमचा चुकला?"

"चुकायला मी केला कुठं? सत्तावीस केलेच नाहीत. बाक्या मनानं घातल्या."

"मनानं म्हणजे?"

"म्हणजे मनानं. हा बघ, एक हजार आठशे सेहेचाळीस. आपल्या जुन्या फोनचं शेपूट."

मुलीनं तक्त्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं. "आणि त्या तिला वाचून दाखवल्यात?"

"हो."

"बाबा, ती सगळ्या वॉर्डला सांगत होती! मला फोन केला तेव्हा धाप लागली होती तिला, तरी सगळा आकडा म्हणून दाखवला."

"माहीत आहे गं."

"काय माहीत आहे? काय माहीत आहे तुम्हाला?" ती उठून मोरीपाशी गेली. नळ सोडला, भांडं भरलं आणि न पिताच ठेवून दिलं. पाठमोरीच बोलली, "मला विचारायचंत. मी केले असते निम्मे. जावयाला दिले असते तर त्यानं केले असते. सत्तावीसच तर होते."

सत्तावीसच तर होते, हे त्यालाही पटत होतं.

मग ती परत येऊन बसली. डोळे पुसलेले होते. तिनं पाटी त्याच्यापुढं सरकवली.

"पंच आणलेत ना घरी? ठोका मग. दोन हजार आठशे तीन गुणिले तीन हजार एक. तिला असा फुटलेलाच आवडला असता."

त्यानं पाटी फरशीवर ठेवली आणि आकडे ठोकले. एकेक घाव. गुणिलेची फुली छिन्नीनं दोन तिरक्या रेघा मारून काढली. मुलगी शेजारी उकिडवी बसून पाटी धरून होती. शेवटचा एक ठोकून झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, मघाशी जास्त बोलले मी."

"नाही. कमीच बोललीस."

"तसं नाही. तुम्ही थकला होतात, मला दिसत नव्हतं का? आणि तिला शेवटी काय वह्या हव्या होत्या का? तुम्ही हवे होतात. निघालाही होतात तुम्ही. बस अडकली, त्याला तुम्ही तरी काय करणार? मी तिला तेच सांगितलं, बाबा वाटेत आहेत. ऐकून ती शांत झाली. तेवढं तरी खरं होतं ना, बाबा."

हातोडी त्याच्या हातात होती. ती पेटीत ठेवायला त्यानं मान वळवली. "हं," म्हणाला.

जावई वर आला. तिघांनी मिळून मशीन खाली नेलं. टेम्पोत बसताना मुलगी म्हणाली, "जेवायला या बुधवारी." तो येतो म्हणाला, आणि गेलाही. तेव्हाच नव्हे, नंतरही दोनदा जाऊन आला. पाटी मशीनच्या फळीवर दोन स्क्रूंनी बसवलेली आहे, ती त्यानं पाहिली. दोन्ही ओळी बरोबर आहेत.

त्या सकाळी तो बसमध्ये नव्हता, हे त्यानं मुलीला अजून सांगितलेलं नाही.